वेशीबाहेर दोन फर्लांग

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या थंडीत आमच्या गावाची गावपळण होती. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मालवण किनाऱ्यावरच्या आमच्यासारख्या काही गावांत तीन-चार वर्षांतून एकदा देवाचा कौल होतो आणि सगळं गाव वेस ओलांडून बाहेर जातं. सगळं म्हणजे सगळं. गुरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, ओली बाळंतीण. घरांना कड्या लागतात, चुली विझतात आणि तीन दिवस, तीन रात्री गावात माणसाचा आवाज नसतो. लोक वेशीबाहेर माडाच्या झापांच्या खोपी घालून राहतात. भजनं, फुगड्या, मासळीची कालवणं, नुसती धमाल. मुंबईचे चाकरमानी त्यासाठी बोटीने येतात. मी कुडाळकडची. लग्न होऊन आले तेव्हा मला हा सगळा खुळेपणा वाटला होता आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. सासूबाईंनी त्यावर बरेच दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

खोपी कुठं घालायच्या हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमची वाडी उत्तरेला, माळावर जायची. आमच्या कुंपणाचा दगडी गडगा ओलांडला की शेजारच्या वाडीची घरं लागतात. पण ती वाडी मात्र दक्षिणेला, खाडीपलीकडे जायची. असं का, ते कुणालाच सांगता यायचं नाही. विचारलं तर म्हातारी माणसं माझ्याकडे असं बघत की मीच काहीतरी वेडगळ विचारलंय. खाडीपलीकडे दुसरा गाव, तालुकाही दुसरा. काठाकाठाने ख्रिस्ती बागायतदारांचे माड आणि त्यांच्या मागे रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्यांची घरं. गावपळणीचे दिवस आले की ती माणसं आमच्या लोकांना झापं द्यायची, विहिरी मोकळ्या करायची. त्यांची पोरं दिवसभर आमच्या खोपींत. मागच्या खेपेला मी माझ्या शाळेतल्या मुलींना भेटायला तिकडे गेले होते, तेव्हा कुठलं पोर कुणाचं ते ओळखू आलं नव्हतं.

मी गावच्या शाळेत शिक्षिका होते. यजमान मालवाहू बोटीवर, वर्षातून एकदा घरी यायचे. घरात सासूबाई, मी आणि माझी सात महिन्यांची मुलगी. ती पावसाळ्याच्या तोंडावर जन्मली होती, म्हणजे देवी टोचणारा माणूस आमच्या गावात फेरी मारून गेल्यानंतर. तो पुन्हा थंडी सरताना यायचा होता. तिला टोचायचं राहिलं होतं हे मी रोज आठवायचे आणि रोज म्हणायचे की येईल तो, एवढी काय घाई.

गावपळण संपली, कौल झाला, लोक घरी परतले. सारवणं-झाडणं झालं, शाळा उघडली. दोनेक दिवसांनी मुली शाळेत कुजबुजायला लागल्या. शेजारच्या वाडीत 'बाय' आली होती. आमच्याकडे देवी झाल्या असं कुणी म्हणत नाही. बाय आली म्हणतात, पाहुणी आली म्हणतात, आणि तेही हळू आवाजात. मुंबईहून आलेला त्या घरातला थोरला मुलगा, विशीबाविशीचा, फोडांनी भरला होता. दाराला कडुनिंबाचे डहाळे लावले होते. घरात फोडणी बंद होती.

मालवणला कुणी कळवलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर शाळेच्या दारात उभे राहिले. घाटावरचे गृहस्थ, साताऱ्याच्या बाजूचे असावेत. धुळीने माखलेले, डोळे तांबारलेले, सोबत एक शिपाई आणि त्याच्या खांद्यावर लाकडी पेटी. पेटीत लशीच्या कुप्या होत्या, बर्फाच्या चुऱ्यात ठेवलेल्या. ते त्या घरी जाऊन, मुलाला पाहून आले होते.

"बाई, गावाचा नकाशा आहे म्हणे तुमच्याकडे," ते म्हणाले.

होता. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला गावाचा नकाशा काढायला शिकवलं होतं, आणि मी त्या विषयात चांगली होते हे सांगायला मला लाज वाटत नाही. तलाठ्याकडच्या नकाशावरून मैलाला आठ इंच या मापाने मी आणि सातवीच्या मुलींनी मिळून तो काढला होता, मागे मांजरपाट चिकटवला होता. एक इंच म्हणजे एक फर्लांग. त्यावर प्रत्येक घर, विहीर, देऊळ, पायवाट होती. वर्गाच्या भिंतीवरून तो उतरवून मी टेबलावर पसरला.

त्यांनी सांगितलं ते साधं होतं. रोग्याचं घर मध्ये धरायचं आणि त्याच्यापासून चहूकडे दोन फर्लांग मोजायचे. त्याच्या आत जितकी घरं येतील तिथल्या ज्यांना टोचलेलं नाही त्या सगळ्या पोरांना आजच टोचायचं, मग उरलं तर मोठ्यांना पुन्हा. रोग त्या कड्यात कोंडायचा. कुप्या तेवढ्यालाच जेमतेम पुरणार होत्या. पुढच्या रत्नागिरीहून येणार. तार केली होती, पण कधी येतील ते सांगता येत नव्हतं.

मी कंपास घेतला, दोन इंचांवर उघडला, टोक त्या घरावर टेकवलं आणि वर्तुळ फिरवलं. पेन्सिल आमच्या घराच्या पलीकडून गेली, चांगली लांबून. आम्ही आत होतो. मला इतकं हायसं वाटलं की मी कंपास उचलायचंच विसरले. तोवर मी घाबरले आहे हे माझं मलाच कळलं नव्हतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दोन्ही वाड्यांतल्या बाया कडेवर पोरं घेऊन शाळेच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. काही दारातून डोकावत होत्या. एकदोघी रडत होत्या. ज्या बायांनी आयुष्यभर टोचणाऱ्याला बघून पोरं माळ्यावर लपवली त्याच आज रांग लावून होत्या. एरवी मी त्यांना यावरून चांगलंच ऐकवलं असतं.

इन्स्पेक्टर वर्तुळातली घरं मोजत होते आणि शिपायाला सांगत होते, स्वतःशी बोलल्यासारखं. "फोड पाण्याने भरून टपोरे झालेत. पुरळ उठून पाच दिवस तरी झाले असतील. आणि त्याच्या आधी ताप. म्हणजे पहिल्यांदा ज्यांना लागण झाली असेल त्यांच्यापाशी वेळ फार नाही. आज-उद्या टोचलं तरच उपयोग."

मी त्यांच्या बोलण्याकडे अर्धवटच लक्ष देत होते. माझं लक्ष अंगणात होतं, सासूबाई मुलीला घेऊन का आल्या नाहीत इकडे. मग ते पाच दिवस माझ्या कानात शिरले.

पाच दिवसांपूर्वी त्या घरात कुणीच नव्हतं. त्या घरात काय, अख्ख्या गावात कुणी नव्हतं. पुरळ उठलं तेव्हा तो मुलगा खाडीपलीकडे झापांच्या खोपीत होता. तापही तिथंच आला असणार. मी ज्या घरावर कंपासाचं टोक रोवलं होतं ते त्या दिवशी कडी लावलेलं, रिकामं घर होतं.

त्याच्या आईने इन्स्पेक्टरांना खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी विचारलं मुलगा कुठं असतो, तिने घर दाखवलं. आमच्या गावात कुणीही तेच केलं असतं. गावपळणीचे दिवस गावाच्या हिशेबात धरतच नाहीत. ते देवाचे दिवस. त्या दिवसांत माणूस कुठं होता हे परक्याला सांगायचं नसतं, आणि बाय खोपीत आली हे तर मुळीच नाही. तसं कळलं असतं तर कौल अडला असता आणि सगळं गाव बाहेर अडकून पडलं असतं. म्हणून त्या माउलीने पोराला घोंगडीत गुंडाळून, तरीच्या होडीत बसवून घरी आणलं होतं आणि ती गप्प बसली होती. घाटावरच्या माणसाला हे कळायचं काही कारण नव्हतं.

मला कळलं होतं. आणि मी बोलले नाही. शिपाई पेटी उघडायला लागला, बाया पुढे सरकल्या, इन्स्पेक्टर बाह्या सरसावून हात धुवायला निघाले, तरी मी नकाशाकडे बघत उभी होते. मला नीट दिसत होतं. त्या पेटीत एका कड्यापुरत्या कुप्या होत्या. बोलले तर पेटी खाडीपलीकडे जाणार. माझी मुलगी इथं, त्या घरापासून एका गडग्याच्या अंतरावर. न बोलले तर ती थोड्याच वेळात टोचून घरी जाणार, आणि कुणीही मला काही विचारणार नाही.

माझा स्वभाव वाईट आहे. चूक दिसली की माझी जीभ गप्प राहत नाही; यजमान म्हणतात, तू देवळातल्या पुजाऱ्याचंही व्याकरण सुधारशील. पण त्या दिवशी जीभ वळेना. बोलायला लावलं ते मागच्या गावपळणीत पाहिलेल्या त्या पोरांनी, ज्यांतलं कुठलं कुणाचं ते ओळखू आलं नव्हतं. ती सगळी त्या मुलाच्या खोपीभोवती खेळली असणार. त्यांच्याकडे कुणी जाणार नव्हतं, कारण त्यांना काही झालंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

"साहेब, हात धुऊ नका," मी म्हटलं. "वर्तुळ चुकलंय."

ते वैतागले. मग मी सांगत गेले तसे ऐकत गेले, आणि शेवटी खुर्चीत बसले. एकदा त्यांनी नुसतं "अख्खं गाव?" एवढंच विचारलं. मी होय म्हटलं. त्यांनी नकाशा स्वतःकडे ओढला.

"मग खोपी कुठं होत्या ते दाखवा."

इथं दुसरी अडचण होती. खोपी एका जागी नव्हत्या. खाडीच्या काठाने, वळणावळणाने, चांगल्या तीन फर्लांगांत त्या पसरलेल्या असायच्या, आणि मुलगा आजारी पडेपर्यंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिंडला असणार. चाकरमानी गावपळणीला एका जागी बसून राहायला येत नाहीत. म्हणजे मध्य धरायला एक ठिपका नव्हताच. एक वाकडी रेघ होती, आणि त्या रेघेच्या प्रत्येक जागेपासून दोन फर्लांग मोजायचे होते. कंपासाने एक वर्तुळ काढून भागणार नव्हतं.

आणि तिसरी अडचण, नकाशा वेशीपाशी संपत होता. माझ्या इतक्या नावाजलेल्या नकाशात खाडीपलीकडे नुसता पांढरा कागद.

मी खडूच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि दोन इंच त्रिज्येची चकती कापली, चहाच्या बशीएवढी. मध्यभागी पेन्सिलीच्या टोकाने भोक पाडलं. मग त्या पांढऱ्या कागदावर आठवणीने खाडीचा पलीकडचा काठ काढला, देवचाराच्या वडापासून तरीच्या धक्क्यापर्यंत, आणि त्यावर खोपींची रेघ. चकतीचं भोक रेघेच्या सुरुवातीवर ठेवायचं, कडेने पेन्सिल फिरवायची, चकती जरा पुढे सरकवायची, पुन्हा कडेने पेन्सिल. रेघ पुढे जाईल तशी चकती पुढे. इन्स्पेक्टर माझ्या खांद्यावरून बघत होते आणि कागद हलू नये म्हणून एक कोपरा त्यांनी बोटांनी दाबून धरला होता.

टोकांना रेघ गोल झाली. सरळ काठाला दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर सरळ गेली. खाडी जिथं आत वळते तिथं चकत्या एकमेकींवर चढल्या आणि मधली जागा भरून गेली. बाहेरच्या वळणाला मात्र रेघ चांगली लांब फुगून आली. तव्यावर घावनाचं पीठ वेडंवाकडं पडावं आणि चारी बाजूंनी सारखं पसरावं तसं ते दिसत होतं. आतल्या सगळ्या खुणा मी खोडल्या आणि फक्त बाहेरची कड गडद केली. त्या कडेच्या आत ख्रिस्ती आळी सगळीच्या सगळी होती, रापणकारांची घरं होती, आणि अलीकडच्या काठावरची आमची थोडीशी शेतं. शेतात कुणी राहत नव्हतं.

आमची वाडी त्या कडेच्या बाहेर होती. बरीच बाहेर. चकती मी प्रामाणिकपणे फिरवली होती. एखाद्या वळणाला जराशी सैल फिरवली असती तरीही आमचं घर आत येण्यासारखं नव्हतं, हेही मी मनात मोजून पाहिलं होतं. ते सांगायला हवं.

"पलीकडचा तालुका माझा नाही," इन्स्पेक्टर म्हणाले.

"रोगाला ते कुणी सांगायचं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे. त्यांनी हिशेब बोलून दाखवला. मुलगा आता इथल्या घरात होता, त्याच्यापासून इथंही धोका होताच. पण इथं वाट अडवता येत होती. कुणी त्या घरी गेलं नाही तर लस येईपर्यंत निभावून नेता आलं असतं. पलीकडे जे व्हायचं ते पाच दिवसांपूर्वी होऊन गेलं होतं, तिथं वाट अडवून काही मिळणार नव्हतं. तिथं टोचायचं ते आजच. शेजारच्या वाडीतली टोचायची राहिलेली पोरं मोजकीच होती; तीही खोपींत होती, म्हणून त्यांना तरीने बरोबर न्यायचं. त्यांच्या बोलण्यात चूक काढायला मला जागा सापडली नाही, आणि मी शोधत होते.

"माझी मुलगी सात महिन्यांची आहे," मी म्हटलं. "टोचलेली नाही. तेवढी एक टोचा आणि जा."

त्यांनी पेटीचं झाकण लावून घेतलं. मग म्हणाले, "कुपी फोडली की ती तासाभरात संपवावी लागते, बाई. एक फोडली तर ह्या अंगणातच संपणार. आणि तुमची टोचली तर ह्या सगळ्यांना मी काय सांगू?"

अंगणात सगळ्या माझ्या विद्यार्थिनींच्या आया होत्या. त्यांच्या कडेवर माझ्या मुलीएवढीच पोरं होती. मला त्या माणसाचा इतका राग आला की त्याच्या पेटीवर लाथ मारावीशी वाटली. तो बरोबर होता म्हणून तर जास्तच.

अंगणातल्या बायांना मीच बाहेर जाऊन सांगितलं. पलीकडे आधी, इथं मागाहून. त्या घराच्या वाटेला कुणी जायचं नाही. आमच्याच वाडीतली एक बाई म्हणाली, "वेशीभायल्या पोरांका आधी, नि आमची काय मेली?" मी पुढच्या बाईकडे वळले. इन्स्पेक्टर आणि शिपाई पेटी आणि शेजारच्या वाडीतली ती पोरं घेऊन तरीकडे गेले, माझा तो नकाशा गुंडाळी करून काखोटीला मारून. मी दोन गडीमाणसं घेतली आणि शेजारच्या वाडीच्या पायवाटेवर आमच्या गडग्यापाशी काटेरी फांद्या रचून वाट बंद केली. मग घरी गेले.

सासूबाई चुलीपाशी होत्या. मुलगी त्यांच्या मांडीवर खेळत होती. मी त्यांना सगळं सांगितलं, वर्तुळ, चकती, पलीकडची पोरं. आणि आता लस येईपर्यंत तिला गडग्याजवळही न्यायचं नाही, असं सांगितलं.

त्यांनी मान वर केली नाही. "काल सांजचा मी दहीभात घेवन गेललंय थंय," त्या म्हणाल्या.

बाय आलेल्या घरी दहीभात नेतात. थंड नैवेद्य, बाय शांत व्हावी म्हणून. बरोबर असेल त्या पोराला तिच्या, म्हणजे रोग्याच्या, पायाशी घालतात, म्हणजे ती त्याच्या वाटेला जात नाही.

"एकट्याच गेलात ना?"

"चेडवाक कडेर घेवन."

मी त्यांच्या मांडीवरून मुलीला उचललं. का, ते मलाही सांगता येणार नाही. आता उचलून काय होणार होतं. आई, तुम्ही हे सकाळी का नाही सांगितलं, असं मी ओरडले. त्याही ओरडल्या. "तू विचारलंस? सगळ्या गावाचो हिशेब केलंस, परक्या तालुक्याच्या पोरांका लस धाडलंस, नि घरात एक सबद विचारूक जमाक नाय तुका?" मग त्या रडायला लागल्या. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे दिवस कसे काढले ते मला नीट आठवत नाही, आणि आठवायची इच्छाही नाही. शेजारचा मुलगा गेला. त्याच्या आईला भेटायला मी गेले नाही. काट्यांच्या अलीकडून तिचं रडणं ऐकत उभी राहिले. मी मुलीच्या अंगावरून दिवसातून कितीदा हात फिरवायचे त्याला सुमार नव्हता. डास चावला तरी मी तिला उजेडात नेऊन बघायचे. सासूबाई नि मी एका घरात राहून एकमेकींशी फक्त तिच्यापुरतं बोलत होतो. दूध तापलं. अंगाला हात लाव. कढत लागता काय? एवढंच.

रत्नागिरीची लस आली, एसटीने. इन्स्पेक्टर स्वतः घेऊन आले आणि सगळ्यांच्या आधी आमच्या घरी आले. मी त्यांना सासूबाईंनी नेलेल्या दहीभाताची गोष्ट सांगितली. मुलीच्या कोवळ्या दंडावर टोचणी टेकवून त्यांनी फिरवली. ती किंचाळली. सासूबाईंनी तोंड फिरवलं. "आता दंडावरची पुळी आधी येते की दुसरं काही, तेवढंच बघायचं," ते म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

दंडाची पुळी आली. मी तिच्याकडे बघून हसले, रडले, सासूबाईंना हाका मारल्या. त्यानंतर ताप आला. लशीचा ताप असेल म्हणून मी स्वतःला समजावलं, सगळ्या वाडीतल्या पोरांना आलाच होता. तो उतरला नाही. मग कपाळावर, मग मनगटांवर. मी आरडाओरडा केला नाही. सासूबाईंनी गुपचूप उठून दाराला निंबाचे डहाळे लावले आणि मी, जिने आयुष्यभर असल्या गोष्टींची टर उडवली, ती ते काढायला गेले नाही. उलट एक सुटला होता तो नीट खोचून ठेवला.

ती जगली. लस उशिरा का होईना लागली होती, म्हणून एवढ्यावर निभावलं, असं इन्स्पेक्टर म्हणाले. डोळे वाचले. चेहऱ्यावर वण राहिले, गालांवर आणि नाकावर दाट, कपाळावर विरळ. आमच्या वाडीत आणखी कुणाला काही झालं नाही. पलीकडे दोन मोठ्या माणसांना देवी आल्या आणि दोघंही वाचली. टोचलेल्या पोरांपैकी एकालाही पुरळ उठलं नाही. हेही इन्स्पेक्टरांनीच सांगितलं, मुद्दाम येऊन, आणि मला बरं वाटेल असं त्यांना वाटलं असावं. मला बरं वाटलंही. त्याच वेळी त्यांना घराबाहेर काढावंसंही वाटलं.

ती सहा वर्षांची झाली तेव्हा एकदा मी तिला घेऊन तरीने पलीकडे चालले होते. नाताळ जवळ आला होता. तरीत पलीकडच्या आळीतली चार-पाच पोरं होती, मालवणच्या बाजारातून परत निघालेली, माझ्या मुलीहून थोडी मोठी. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि चांगल्या घरच्या पोरांसारखी दुसरीकडे बघू लागली. तिला ते कळलं. तिला ते नेहमीच कळायचं. मी त्या पोरांचे गुळगुळीत, उन्हाने तांबूस झालेले गाल बघत होते. ती मोठी झाली आहेत, हसताहेत, ह्याचा मला मनापासून आनंद होत होता. आणि हेवाही वाटत होता, अगदी कडू.

"आये, ह्येंका बाय कशी नाय इली?" तिने विचारलं. मोठ्यानेच.

मी इकडेतिकडे पाहिलं. तरीवाला वल्ही मारत होता. पोरं पाण्यात बोटं बुडवत होती. मी तिला खरं सांगायचं ठरवलं. नाहीतरी सासूबाईंनी आज ना उद्या सांगितलंच असतं.

"त्यांना वेळेवर टोचलं होतं म्हणून."

"नि माका?"

"तुला मागाहून. लस थोडी होती. तेव्हा त्यांना जास्त गरज आहे असं कळलं होतं."

"कोणाक कळलां?"

"मला."

तिच्या कपाळावर आठी पडली, अगदी माझ्यासारखी. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. त्या पोरांकडे तिने एकदा नीट पाहिलं, एकेकाकडे, मग माझ्याकडे वळली.

"पयला माका टोचूक होया होता," ती म्हणाली.

माझ्याजवळ उत्तरं होती. पाच दिवसांचा हिशेब होता, रिकामं घर होतं, सगळं तिला समजेल असं सांगता आलं असतं; मी शिक्षिका होते. तिने मुठीत माझा पदर धरला होता.

"होय," मी म्हटलं. "पहिलं तुलाच टोचायला हवं होतं."

तिने मान डोलावली आणि पदर सोडला नाही. धक्का आला तेव्हा पोरं उड्या मारून उतरली. मी तिला उचलून खाली ठेवलं.